झालर लावलेला खांब

नऊ डिसेंबर, दुसरा शनिवार. गाद्यांना ऊन दाखवायचं होतं.

दुसऱ्या शनिवारी मंत्रालयाला सुट्टी असते. नव्या रायपूरला जाणारी स्टाफ बस येत नाही, आणि महिनाभर तुंबलेली घरची कामं त्या एका दिवसात उरकावी लागतात. चौबे कॉलनीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर त्या दिवशी सहा गाद्या होत्या. दोन रोजच्या, चार पाहुण्यांच्या. मी एकेक गादी कठड्यावर टाकून काठीनं झोडपत होते आणि कापूस कुठे गोळा झालाय ते हातानं चाचपत होते. पाहुण्यांच्या चारही गाद्या मी बाजूला काढल्या. त्या उद्या फुटबॉलच्या खांबांना बांधायच्या होत्या.

हा आपला नेहमीचा फुटबॉल नव्हे, ऑस्ट्रेलियाचा. माझी मुलगी तो दोन वर्षांपासून खेळत होती आणि तेव्हापासून आमच्या घरात सरळ काही उरलं नव्हतं. चेंडूसुद्धा. पहिल्यांदा ती तो घेऊन आली तेव्हा तिच्या बाबांनी उलटसुलट पाहून विचारलं, "याच्यावर कोण बसलं होतं वं?"

चेंडू पपईच्या आकाराचा असतो. तो हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही. एक तर मुठीचा ठोसा मारून दुसरीकडे द्यायचा, नाही तर हातातून पायावर सोडून लाथ मारायची. पळताना मध्येमध्ये तो जमिनीवर आपटून परत झेलावा लागतो, आणि पपई आपटल्यावर कुठे उडेल हे पपईलाही माहीत नसतं. दुसऱ्या पोरीला धरून खाली पाडायची मुभा आहे. कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी कुठल्याशा शिबिरात हा खेळ शिकून घेतला आणि कबड्डीच्या सगळ्या पोरी त्यात ओढल्या. धरून पाडायचं त्यांना आधीच येत होतं. उरलं फक्त पपई सांभाळणं.

मुलीनं कबड्डी सोडली, बी.एससी. कशीबशी पूर्ण केली आणि एक दिवस जाहीर केलं की तिला यातच करिअर करायचं आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी म्हटलं, करिअर म्हणजे काय ते नीट कागदावर काढून दाखव. मी हे वेगळं राज्य झालं तेव्हापासून मंत्रालयाच्या आवक-जावक शाखेत आहे, कागदावर नसलेली गोष्ट मला दिसत नाही.

तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागे काढून दाखवलं. खाली रायपूर, वर मेलबर्न, मधे बाण. आधी राज्याची टीम. मग कोलकात्याचं शिबिर. त्या शिबिरातून भारताची टीम निवडणार, ती टीम मेलबर्नला स्पर्धेला जाणार, तिथे क्लबांची माणसं येऊन बसतात. एखादीवर नजर पडली तर क्लब तिला शिकाऊ म्हणून ठेवून घेतो. मग पगार.

"आणि तिथल्या पोरींचं काय? त्यांना कोण घेतं?"

"उनका ड्राफ्ट होता है आई. अठारह की उमर में नाम देते हैं, और सारे क्लब बारी-बारी से चुनते हैं. जो क्लब पिछले साल सबसे नीचे था, वो सबसे पहले चुनता है."

हे मला इतकं आवडलं की हातातलं लाटणं खाली ठेवून मी परत सांगायला लावलं. जो सगळ्यात मागे, त्याला निवडायचा पहिला मान! राज्य झालं तेव्हा आमच्या शाखेत टेबलं वाटली ती वयानं मोठे आधी या हिशेबानं, आणि मी सगळ्यात लहान म्हणून मला दाराआडचं मिळालं. ऑस्ट्रेलियाचा नियम असता तर मी खिडकीजवळ बसले असते.

"बरं. पेन्शन?"

"आई, तीस-बत्तीस में तो रिटायर हो जाते हैं. घुटने चले जाते हैं."

"आणि मग?"

"कोई कोच बनता है, कोई फायर ब्रिगेड में जाता है, कोई प्लंबर."

बाबा आतून ओरडले, "म्हंजे प्लंबर व्हासाठी मेलबर्नले जाऊन राहिली का तू? प्लंबर तर उरल्यात होऊन जाशीन, माझ्या ओळखीचा आहे एक!"

ते उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इन्चार्ज. मशीनच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे घरातलं कुठलंही बोलणं समोरच्या दोन घरांना कळतं.

तो कागद तिनं फ्रिजवर लावला. मी त्याच चुंबकाखाली बी.एड.चा फॉर्म लावला. आमच्यात ठरलं ते असं: कोलकात्याच्या शिबिरासाठी नाव आलं तर फॉर्म फाडायचा. नाही आलं तर एकतीस डिसेंबरच्या आत भरायचा आणि मग दोन वर्षं चेंडूचं नाव काढायचं नाही. तिनं हात मिळवला. हाताला मैदानाच्या रेघांचा चुना होता.

नाव येणार की नाही ते रविवारी, दहा तारखेला ठरणार होतं. आपल्या पोरींची भिलाईच्या पोरींशी मॅच होती आणि ती बघायला मेलबर्नचा एक कोच येणार होता. दोन्ही टीम मिळून तो फक्त दोन नावं घेणार होता.

आता माझा यात काय संबंध, ते सांगते. या खेळात दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, मधले दोन उंच, बाजूचे दोन बुटके. चेंडू मधल्या दोन खांबांतून सरळ गेला तर गोल, सहा गुण. मधल्या आणि बाजूच्या खांबामधून गेला तर एक गुण. आणि मधून जाताना तो उंच खांबाला नुसता लागला तरी सहाचा एक होतो. हे बघायला दोन्ही टोकांना एकेक गोल-पंच उभा असतो, पांढरा कोट घालून. गोल झाला तर दोन्ही हातांचं एकेक बोट समोर करून दाखवायचं आणि दोन पांढरे झेंडे फडकवायचे. एकच गुण असेल तर एक बोट, एक झेंडा. बस. पळायचं नाही, शिट्टी नाही, भांडण नाही.

सर घरी आले होते. म्हणाले, "मॅडम, गोल-पंच होता का? तुमच्याकडून ओळ सुटत नाही, हे आपल्या पोट्टीच्या फीच्या पावतीवरून मले माहीत आहे."

"माझीच मुलगी खेळते आहे, सर."

"एका टोकाले भिलाईच्या कॅप्टनचे मामा उभे राहून राहिले. दुसऱ्याले तुम्ही. बरोबर झालं न?"

या हिशेबाला तोड नव्हती. मी हो म्हटलं. कोट मुलीचा केमिस्ट्री प्रॅक्टिकलचा, बाहीवर आयोडीनचे डाग. झेंडे म्हणजे उशीचे दोन अभ्रे पडद्याच्या दांड्यांना शिवलेले. आरशासमोर फडकवून पाहत होते तर बाबा म्हणाले, "कोणाले शरण जाऊन राहिली?"

खांब मिळवायचंही माझ्याकडेच आलं. रायपुरात असे खांब कुठे मिळणार? पण लग्नसराईत बल्ल्या, म्हणजे मंडपाचे लाकडी वासे, कोणाकडे असतात हे कोणालाही माहीत आहे. पंडरी बाजारात ज्याचं मंडपाचं दुकान आहे तो भैया आमच्या कॉलनीतली सगळी लग्नं करतो. मी त्याला आठ बल्ल्या सांगितल्या. आणि पळत्या पोरी त्यावर आपटू नयेत म्हणून चार उंच बल्ल्यांना छातीपर्यंत माझ्या गाद्या. शनिवारी दुपारी तो टेम्पो घेऊन आला. गाद्या मेल्या जुन्या, खोळींवर डाग, परदेशी माणूस बघणार. म्हणून मी सांगितलं, "भैया, गाद्या घट्ट बांध आणि वरून कापड चढव."

"हव दीदी."

एवढंच बोलणं झालं. यात काही चुकलं असेल असं मला वाटलं नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिघं कॉलनीमागच्या मैदानावर गेलो. धुकं होतं. बाबांनी आदल्या दिवशी दोन खुंट्या आणि एक दोरी घेऊन चुन्यानं असा अंडाकृती घेर काढला होता की सर म्हणाले, मिलमध्ये तुमचं चीज होत नाही. त्या घेराच्या दोन्ही टोकांना धुक्यातून काहीतरी गुलाबी दिसत होतं.

जवळ गेलो. भैयानं कापड चढवलं होतं. गुलाबी सॅटिन, चुण्या घालून, वर सोनेरी पट्टी, आणि पट्टीखाली वीतभर लांब झालर, सगळीकडून लोंबणारी. दोन उंच खांबांच्या मधे झेंडूचं तोरण. एका बुटक्या खांबाला केळीचा खुंट बांधला होता. दुसऱ्याचा बहुतेक टेम्पोत राहिला.

"आई!" मुलगी म्हणाली. "ये गोल है कि जयमाला का स्टेज?"

"भैया, ये क्या किया?"

"दीदी, बल्ली तो दुल्हन के जैसे ही सजती है ना. खाली बल्ली खड़ी करूँगा तो मोहल्ले में मेरी क्या इज़्ज़त रहेगी?"

बाबा खाली बसून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला रागवायचं होतं, पण वाक्याच्या मधेच माझंही तोंड फाकलं. तोरण काढलं. केळ काढलं, ते एका शेळीनं नेलं. झालर मात्र सुतळीनं आत गाद्यांपर्यंत टाचलेली होती. ती उसवायला तास लागला असता, आणि भिलाईची बस फाटकातून आत वळत होती. आणि खरं सांगायचं तर ती छान दिसत होती. उसवता आली असती, मी उसवली नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मेलबर्नचा कोच आला. ताडमाड माणूस, नाकावर पांढरं मलम फासलेलं, त्यामुळे कॉलनीतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या की त्याला कोणी आधीच टिळा लावला का. खांब बघून तो थांबला. मग मोबाईल काढून त्यानं आठ-दहा फोटो घेतले. मग झालर बोटानं हलवून त्यानं मला इंग्रजीत विचारलं, चेंडू याला लागला तर काय धरायचं?

दोन्ही कॅप्टन तिथेच उभ्या होत्या. आमच्याकडची कॅप्टन माझीच मुलगी. सर माझ्याकडे बघत होते. मामा माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "जे खांबाला बांधलंय ते खांब."

सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. कोच म्हणाला, ठीक. दोघी कॅप्टननी मान डोलावली. अर्ध्या मिनिटाचं काम. फाईल असती तर मी सही घेतली असती.

मॅच सुरू झाली आणि मला वेड लागलं.

मी पन्नाशीची बाई आहे. ऑफिसात मोठ्यानं हसले तर लोक मान वळवून बघतात. पण तो पांढरा कोट घालून, दोन गुलाबी खांबांमधे, अंगावर पपई येत असताना उभं राहणं म्हणजे काय ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहिला गोल आमच्या एका बुटक्या पोरीचा. उरल्याच्या लेबर कॉलनीतली, वारा प्यायलेली, तिला धरायला गेलं तर हातात फक्त धूळ येते. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला, मी दोन्ही बोटं दाखवली, झेंडे उचलले आणि फडकवले. जरा जास्तच फडकवले. एक अभ्रा दांडीवरून सुटला आणि कोचच्या पायाशी जाऊन पडला.

टोकं दर थोड्या वेळानं बदलायची, त्यामुळे त्यानंतर माझ्या टोकाला भिलाईचा गोल झाला. नियमाप्रमाणे मी तोही तेवढ्याच जोरात फडकवला.

मागून आवाज आला, "अगं ए, भिलाईचा हाय तो! इतकी काहून खूश होऊन राहिली?" बाबाच.

"गोल गोल असतो!" मी न वळता ओरडले. अर्ध्या कॉलनीनं टाळ्या वाजवल्या.

एक आजोबा काठी टेकत माझ्याकडे आले, बाही वर केली आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, बीपी बघता का जरा?" मी त्यांना सांगितलं की मॅच संपेपर्यंत थांबा. थांबले बिचारे. खुर्ची आणून माझ्या मागेच बसले आणि प्रत्येक गोलला माझ्याबरोबर बोटं दाखवू लागले. शेळीही तिथेच होती.

मैदानात पोरी चेंडूपेक्षा एकमेकींनाच जास्त धरत होत्या. सर ओरडत होते, "अरे कबड्डी नाही, कबड्डी नाही!" एकदा भिलाईची एक पोरगी पळता पळता चेंडू आपटायला गेली, तो उलटा उडून तिच्याच हनुवटीला लागला, आणि ती इतकी हसली की तिला पाडायला आलेल्या दोघी पण बसल्या. माझी मुलगी हसत नव्हती. ती सबंध वेळ तोंड घट्ट मिटून होती, आणि दर वेळी किक मारल्यावर आधी कोचकडे बघत होती, मग चेंडूकडे. मी उन्हात झेंडे फडकवत होते, आणि तिचं सगळं या एका सकाळीवर उभं होतं. मधेच मला ते आठवायचं, आणि मग पुढचा चेंडू यायचा.

शेवटच्या मिनिटाला भिलाई तीन गुणांनी पुढे होती. मॅच संपल्याची खूण म्हणून बाबांनी मिलच्या एका ड्रायव्हरला ट्रकसकट आणून फाटकाजवळ उभं केलं होतं. लांबून एक उंच चेंडू आला. चार पोरी उडाल्या. त्यातून माझ्या मुलीनं तो डोक्यावर, दोन्ही हातांत झेलला, आणि ती खाली पडते न पडते तोच ट्रकचा हॉर्न वाजला. साधा हॉर्न नव्हता, सात सुरांचा. सगळं मैदान नाचायला लागलं.

पण या खेळात हॉर्नच्या आधी झेल घेतला असेल तर किक मिळते. वेळ संपली तरी. सगळ्यांनी लांब उभं राहायचं, एकटीनं मारायची. सरांनी हात वर करून लोकांना गप्प केलं. ट्रक मात्र पूर्ण धून वाजवूनच थांबला.

गोल झाला तर सहा गुण, आम्ही तीन गुणांनी जिंकतो. एक मिळाला तर दोनांनी हरतो. आणि कोच चुन्याच्या रेघेवर वही उघडून उभा होता.

ती सुमारे चाळीस पावलांवर होती. मी दोन खांबांच्या मधे, मागच्या रेघेवर. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मोजे वर ओढले, चेंडू उभा धरला, सात-आठ पावलं चालत आली, मग पळत, आणि मारला.

चेंडू छान उठला. गोल गोल फिरत, अगदी मधोमध येत होता, आणि शेवटच्या चार हातांत तो माझ्या डावीकडे वळायला लागला आणि खाली यायला लागला. मी खांबाशी सरकले. खांब आणि चेंडू यांच्यात बोटभर अंतर होतं. चेंडू आत गेला. आणि झालर हलली.

वारा नव्हता. बाकी तिन्ही बाजूंची झालर तशीच लोंबत होती. त्या एका जागच्या दोन चुण्या आत ओढल्या गेल्या आणि परत बाहेर आल्या.

मैदानातून ते कोणालाही दिसणं शक्य नव्हतं. आजोबांनी तर दोन्ही बोटं दाखवून टाकली होती. आपल्या पोरी एकमेकींवर पडून ओरडत होत्या, बाबा ट्रकच्या पायरीवर चढून नाचत होते, ड्रायव्हरनं धून परत लावली होती, आणि मुलगी जागच्या जागी उभी राहून, पहिल्यांदाच, माझ्याकडे बघत होती.

मी एक बोट दाखवलं. मग एक झेंडा उचलला आणि फडकवला.

"सिक्स दे, सिक्स!" बाबा. "अगं दुसरं बोट काढ! विसरली का?"

मी विसरले नव्हते. झेंडा फडकवत राहिले, कारण थांबले असते तर लोक जवळ येऊन बोलले असते. मुलगी पळत आली.

"लगा ही नहीं, आई! अंदर से गया!"

"झालरीला लागला."

"झालर तो कपड़ा है!"

"जे बांधलंय ते खांब. सकाळी तू मान डोलावलीस."

"झालर तूने लगवाई!"

खरंच होतं ते. ती तोंड फिरवून गेली. भिलाईच्या पोरी तोवर काय झालं ते समजून घेत होत्या, आणि समजल्यावर त्यांनी मलाच उचललं. कोटासकट. माझं वजन बघता त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. वरून मला मुलीची पाठ दिसत होती, आणि खाली शेळी एक झेंडा खात होती.

मग कोचनं सगळ्यांना बसवलं आणि दोन नावं वाचली. पहिली आमची उरल्याची वारा प्यायलेली. दुसरी भिलाईची, हनुवटीला चेंडू लागलेली. मग त्यानं वही मिटली, परत उघडली आणि म्हणाला, एक राखीव. ती माझी मुलगी.

राखीव म्हणजे काय, यावर त्याच जागी चर्चा पेटली. मुलगी म्हणाली, म्हणजे नाही. सर म्हणाले, म्हणजे वेटिंग. बाबांचे वडील रेल्वेत होते. बाबा गर्दीतून पुढे आले. "वेटिंग नाही, सर. हे आरएसी आहे. आरएसीले बसाले मिळते!"

कोचला ते कोणी समजावलं नाही. तो माझ्याकडे आला आणि सावकाश इंग्रजीत बोलला. सरांनी पोरींसाठी हिंदीत सांगितलं, "राखीववाली लड़की इसी जगह से दस किक मारेगी. इकतीस तारीख के पहले वीडियो भेजेगी. सात गोल हुए तो उसको भी कोलकाता बुलाएँगे." कोचनं माझ्याकडे बोट दाखवून अजून एक वाक्य जोडलं. सर हसले. "और बोल रहे हैं, गोल में यही मैडम खड़ी रहेगी. मैडम जितने बोलेगी, उतने मानेंगे."

व्हिडिओत दुसरा पंच उभा केला असता तर कोचनं ते गोल मोजलेच नसते, हे मुलीलाही कळलं असावं. पण घरापर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढे चालत गेली. जेवताना फ्रिज उघडायला गेली, चुंबकाखालचे दोन्ही कागद बघितले आणि दोन्ही तसेच ठेवले. एकतीस तारीख दोन्हींना तीच होती. आजोबांचं बीपी राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी सहाला मी शिवणाची कात्री घेऊन मैदानावर गेले. भैया टेम्पो लावून बल्ल्या उपटायला आलाच होता.

"चार इथेच राहू दे," मी म्हटलं. "गाद्यांसकट. एकतीसपर्यंत."

"दीदी, शादी का सीजन है."

"पंधरा तारखेनंतर एकही मुहूर्त नाही. मग काय बल्ल्या तुझ्या गोदामात झोपून राहतील?"

त्यानं विचार केला. "हव," म्हणाला. समोरच्या टोकाचे चार काढून नेले.

मी उंच खांबाची झालर उसवायला बसले. मागे पावलं वाजली. मुलगी होती, चेंडू काखेत. ती माझ्या शेजारी बसली आणि झालरीच्या चुण्या एकेक करून उलटू लागली. एका चुणीवर चुन्याचा अर्धा गोल उमटला होता, चेंडूच्या शिवणीसकट.

"ये पहले से होगा," ती म्हणाली.

"बरं. मग दुसरा दाखव कुठे असला तर."

तिनं बाकीच्या सगळ्या चुण्या पाहिल्या. दुसऱ्या खांबाच्याही पाहिल्या. मग म्हणाली, "काट."

मी दोन्ही खांबांची झालर कापून पिशवीत भरली. सॅटिन चांगलं होतं, उशांना होईल. ती चाळीस पावलं मोजत गेली. मोबाईल विटेवर टेकवला, पण चालू केला नाही. "पहले प्रैक्टिस!" तिकडून ओरडली. मी रेघेवर जाऊन उभी राहिले.

पहिला चेंडू उंच खांब आणि बुटका खांब यांच्या मधून गेला. मी एक बोट दाखवलं.

"आई, ये प्रैक्टिस है!"

"मग परत मार," मी म्हटलं, आणि चेंडू आणायला गेले. माझी बस सव्वानऊला होती.